नफ्याचा तक्ता, धुराचा तक्ता



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर नागपुरातल्या वाणिज्य शाखेच्या मुलांना जमाखर्च शिकवला. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणून ते कधी थांबले नाहीत. खालच्या बारीक अक्षरातल्या टिपा ते मोठ्याने वाचायला लावत आणि विचारत, "हे खाली का लिहिलं? वर का नाही?" माझा आजचा विषय त्याच प्रश्नातून निघाला आहे. मोठी उत्पादक कंपनी आपल्या पैशाचा आणि आपल्या वागणुकीचा हिशेब कसा देते, त्यात वर काय येते आणि खाली काय राहते, हे मला मांडायचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कंपनी हिशेब देते तो तिच्या सगळ्या कारखान्यांचा मिळून. आपण राहतो ते एका कारखान्याच्या शेजारी. त्या बेरजेत आपल्या शेजारचा कारखाना दिसेनासा होतो. तो पुन्हा दिसला पाहिजे, आणि शेजाऱ्याला कळेल अशा भाषेत दिसला पाहिजे.

नागपूरला हा विषय नवा नाही. जमशेटजी टाटांनी १८७४ साली १५ लाखांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई सोडून इथे येण्यामागे सरळ व्यापारी विचार होता. कापूस वऱ्हाडात आणि वर्ध्याकडे पिकत होता, कोळसा वरोऱ्याला निघत होता आणि रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती. रेल्वेच्या नोकरीतून आलेल्या बेझनजी मेहतांनी ही गिरणी चालवली. १८८६ मध्ये इथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. तसे करायला सांगणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. १८९५ साली गिरणीच्या वाढीव भागाच्या उद्घाटनाला जमशेटजींनी आपल्या यशाची कारणे सांगितली. भागधारकांचे हित आम्ही आमचेच मानले, आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा आमच्या भरभराटीचा पक्का पाया समजलो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

आज ज्याला एकात्मिक अहवाल म्हणतात त्याची मूळ कल्पना यात पुरती आली आहे. नफा आणि माणूस यांचा हिशेब एका दमात द्यायचा. पण ही कल्पना मालकाच्या मनावर अवलंबून होती. १९८६ मध्ये गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये कायमची बंद झाली. ज्या जागी भोंगा वाजायचा तिथे मॉल उभा राहिला. भल्या मालकाची इच्छा पिढ्यानपिढ्या टिकत नाही. म्हणून हिशेब देण्याची सक्ती लागते, आणि ती सक्ती कशी आली हे थोडक्यात पाहू.

पैशाच्या हिशेबाची सक्ती जुनी आहे. वागणुकीच्या हिशेबाची सुरुवात आपल्याकडे विजेपासून झाली, हे फार लोकांच्या लक्षात नसते. १९८८ च्या नियमांनी संचालकांच्या अहवालाला एक परिशिष्ट जोडायला लावले. ठरावीक उद्योगांना त्यात एकक उत्पादनामागे किती वीज, किती कोळसा, किती तेल लागले ते लिहावे लागे. तो तक्ता रुक्ष होता, पण प्रामाणिक होता. यंदा एक टन मालाला मागच्या वर्षीपेक्षा जास्त वीज लागली तर ते झाकता येत नसे. २०१३ च्या कंपनी कायद्याखाली नवे नियम आले आणि त्या आकड्यांच्या जागी उपाययोजनांचे वर्णन आले. माझ्या मते ती पीछेहाट होती. वर्णन कोणीही चांगले लिहून देतो.

पुढे २०१२ मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, आघाडीच्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व अहवाल सक्तीचा केला. १० मे २०२१ च्या परिपत्रकाने त्याची जागा बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल, या नव्या नमुन्याने घेतली. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना तो भरावा लागतो. १२ जुलै २०२३ ला त्यातली निवडक परिमाणे काढून त्यांची त्रयस्थ पडताळणी टप्प्याटप्प्याने लावायचे ठरले, सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून. परदेशातही याच काळात अशा चौकटी आल्या. त्यांच्या तपशिलात मी शिरत नाही. आपल्या देशाचा नमुना त्यांच्यापेक्षा कमी नाही. काही बाबतींत, विशेषतः कामगारांविषयीच्या प्रश्नांत, तो पुढेच आहे.

आता अहवाल प्रत्यक्ष उघडू. मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल तीनशे-चारशे पानांचा असतो. पहिली शंभर पाने गुळगुळीत कागदावरच्या छायाचित्रांची. झाडे, शाळेच्या पोशाखातल्या मुली, पाण्याची टाकी. ही बहुतेक सीएसआरची, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीची पाने. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. चांगली गोष्ट आहे, तिने अनेक गावांत पाणी आले आहे. पण नफा झाल्यावर त्यातले दोन टक्के कुठे गेले एवढेच ती पाने सांगतात. नफा कसा झाला हे पुढे आहे, बीआरएसआरमध्ये, तक्त्यांत. तिथे नऊ तत्त्वे आहेत आणि पर्यावरणाचे तत्त्व सहावे. ऊर्जा किती, पाणी कुठून उपसले आणि कुठे सोडले, धूलिकण, गंधक व नत्राची ऑक्साइडे किती, हरितगृह वायू किती, कचरा किती आणि त्याचे काय केले, हे सगळे तिथे चालू आणि मागील वर्षाच्या शेजारी-शेजारी रकान्यांत असते.

या तक्त्यांत एक रकाना मी नेहमी सावधपणे वाचतो. तो असतो तीव्रतेचा, म्हणजे एक रुपया उलाढालीमागे किती उत्सर्जन. एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका कंपनीने वर्षाला १ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तिची उलाढाल १००० कोटी झाली. म्हणजे कोटीमागे १०० टन. पुढच्या वर्षी तिने तेवढाच माल काढला, तेवढाच कोळसा जाळला, फक्त मालाचा भाव १० टक्के वाढला. उलाढाल ११०० कोटी. आता कोटीमागे सुमारे ९१ टन. अहवालात ठळक अक्षरात येईल की उत्सर्जन तीव्रता ९ टक्क्यांनी घटली. चिमणीतून मात्र एक किलोही कमी निघालेले नाही. महागाईने कंपनीला हरित केले. म्हणून उलाढालीमागचा आकडा बाजूला ठेवून दोन आकडे शोधायचे. एक, एकूण उत्सर्जन. दुसरा, एक टन किंवा एक नग उत्पादनामागचे उत्सर्जन. नमुन्यात उत्पादनामागचा आकडाही मागितलेला आहे. १९८८ चा तो जुना, प्रामाणिक भागाकार इतक्या वर्षांनी परत येतो आहे, याचा मला आनंद आहे.

उत्सर्जनाचे तीन भाग करतात, स्कोप १, २ आणि ३. हे समजायला नागपूरसारखे गाव नाही. हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. कारखान्यात जे इंधन जळते, भट्टीत, जनरेटरमध्ये, ते स्कोप १. कारखाना जी वीज विकत घेतो तिच्यामागचे उत्सर्जन स्कोप २. ती वीज आपल्या देशात अजून मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे हिंगण्याच्या कारखान्यांचा जो स्कोप २, तोच कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांचा स्कोप १. शहराच्या एका टोकाला बटण दाबले की दुसऱ्या टोकाला धूर निघतो, आणि दोन्ही टोके आपल्याच जिल्ह्यात आहेत.

स्कोप ३ सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. कच्चा माल बनवणाऱ्यांचे उत्सर्जन त्यात येते, आणि विकलेली वस्तू वापरताना होणारे उत्सर्जनही. काटोल किंवा कळमेश्वरच्या एखाद्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. नांगरटीला तासाला ५ लिटर डिझेल धरले आणि वर्षाला ५०० तास काम धरले, तर २५०० लिटर. एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक ट्रॅक्टर वर्षाला पावणेसात टनांच्या आसपास आणि दहा वर्षांत साधारण ६७ टन सोडतो. तो ट्रॅक्टर बनवताना कारखान्यात झालेले उत्सर्जन त्यापुढे फार लहान पडते. आणि ते डिझेल शेतकऱ्याच्या खिशातून जाते. तासाला अर्धा लिटर डिझेल वाचवणारे इंजिन काढले तर पर्यावरण आणि सोयाबीनवाल्याचा खर्च, दोन्ही एकदम सुधारतात. ट्रॅक्टर कंपनीच्या पर्यावरण अहवालातला सगळ्यांत मोलाचा आकडा हाच असायला हवा. बीआरएसआरमध्ये मात्र स्कोप १ आणि २ अनिवार्य आहेत, स्कोप ३ ऐच्छिक भागात आहे. महिंद्राने २०१६ मध्ये स्वतःच्या निर्णयांत कार्बनच्या टनामागे १० डॉलर किंमत धरायला सुरुवात केली. भारतातल्या कंपन्यांत तो पहिलाच जाहीर प्रयत्न होता. त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे, आणि म्हणूनच स्कोप ३ ची अपेक्षाही त्यांच्यासारख्यांकडूनच जास्त ठेवली पाहिजे.

आता जड मनाने एका गोष्टीकडे वळतो.

१७ डिसेंबर २०२३, रविवारची सकाळ. नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ सोलर इंडस्ट्रीजच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. आसपासच्या गावांतून रोज पाळीला येणारी ही माणसे. त्या दिवशी गेटबाहेर जमलेले नातेवाईक सगळ्या महाराष्ट्राने दूरदर्शनवर पाहिले.

अशा घटनेचे अहवालात काय होते? बीआरएसआरच्या तिसऱ्या तत्त्वात सुरक्षिततेचा तक्ता आहे. त्यात मृत्यूंसाठी एक ओळ आहे, गंभीर दुखापतींसाठी एक, आणि कामाचा दिवस बुडवणाऱ्या अपघातांच्या वारंवारतेसाठी एक. ही वारंवारता दहा लाख मनुष्य-तासांमागे मोजतात. समजा, एखाद्या कंपनीत १० हजार माणसे वर्षाला प्रत्येकी २४०० तास काम करतात. एकूण २ कोटी ४० लाख तास. त्यात नऊ अपघात झाले तर वारंवारता येते ०.३८ च्या आसपास. नऊ घरे त्या भागाकारात अर्ध्याहूनही लहान होतात.

या मोजमापाला मी नावे ठेवत नाही. वेगवेगळ्या आकाराच्या कंपन्यांची तुलना करायची तर असा भागाकार लागतो. माझा आग्रह एवढाच की वाचणाऱ्याने मृत्यूची ओळ आधी वाचावी, वारंवारता नंतर. आणि त्या तक्त्याखालची एक बारीक सूचनाही वाचावी. या आकड्यांत कंत्राटी कामगार धरायचे आहेत, असे तिथे म्हटले आहे. ही एका ओळीची सूचना माझ्या दृष्टीने संपूर्ण नमुन्यातली सर्वांत मोठी सुधारणा आहे. कारण पूर्वी ठेकेदाराचा माणूस गेला की तो कंपनीच्या हजेरीपत्रकावर नसे, आणि हजेरीपत्रकावर नसलेला माणूस कंपनीच्या हिशेबात मरत नसे.

पण इथेही बेरीज आडवी येते. दहा कारखाने असलेल्या कंपनीच्या मृत्यूच्या ओळीत एक आकडा येतो. कोणता कारखाना, कोणती इमारत, कोणते काम, हे त्या ओळीतून कळत नाही. शेअर घेणाऱ्याला बेरीज पुरते. बाजारगावच्या मुलीला नोकरीवर पाठवणाऱ्या बापाला ती पुरत नाही.

याहून मोठे छिद्र दुसरीकडे आहे. सेबीचा नियम शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना लागू आहे. नागपूरच्या उत्तरेला ज्या सर्वांत उंच चिमण्या दिसतात त्या महाजेनकोच्या. ती राज्य सरकारच्या मालकीची वीजनिर्मिती कंपनी, तिचा शेअर बाजारात नाही. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडीच्या खसाळा राख बंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत आणि कोलार नदीत गेला. अशा घटनेचा वर्षअखेर बीआरएसआरच्या नमुन्यात सगळ्या देशासमोर हिशेब देण्याचे बंधन त्या कंपनीवर नाही. मालक सरकार असले की मालक म्हणजे जनता. जनतेच्या कंपनीने जनतेला खाजगी कंपनीपेक्षा कमी हिशेब द्यावा, हे मला मान्य नाही. राज्य सरकारने मनात आणले तर आपल्या सर्व उत्पादक कंपन्यांना हाच नमुना लावायला त्याला सेबीची वाट पाहायची गरज नाही.

आता पैशाच्या तक्त्यांकडे परत येऊ, कारण दोन्ही हिशेब एकमेकांत गुंतलेले आहेत. ताळेबंदाच्या टिपांमध्ये संभाव्य देण्यांची एक टीप असते. कर खात्याशी वाद, कामगार न्यायालयातले दावे, प्रदूषणाचे दंड, जमिनीच्या मोबदल्याचे खटले, हे तिथे जमतात. द्यावे लागण्याची शक्यता आहे पण खात्री नाही, म्हणून वरच्या आकड्यांत येत नाहीत. सर विचारत ते हेच, वर का नाही? खाण कंपन्यांच्या टिपांत खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्यासाठी केलेली तरतूद असते. ती तरतूद किती आणि ती दरवर्षी वाढते की थबकली आहे, हे पाहिले की पर्यावरणाच्या पानांवरचे आश्वासन खरे किती ते समजते. ज्या कंपनीच्या रंगीत पानांवर जमीन हिरवी होते आणि टिपांमध्ये तिच्यासाठी पैसा नसतो, तिच्या रंगीत पानांवर विश्वास ठेवू नये.

आणि तपासलेले आकडेही खोटे निघू शकतात. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या संगणक सेवा कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः लिहून दिले की बँकेत असल्याचे दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रक्कम अस्तित्वातच नव्हती. लेखापरीक्षकांची सही त्या आकड्यांवर होती. पैशाच्या हिशेबाला बँकेचे स्वतंत्र उतारे असतात, तरी हे झाले. धुराच्या हिशेबाला उतारा कोणाचा? चिमणीला लावलेल्या यंत्राचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ अतिप्रदूषक उद्योगवर्गांना धूर आणि सांडपाणी सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले, आणि त्यांची मोजणी थेट मंडळाच्या संगणकावर जाते. वार्षिक अहवालातला आकडा आणि त्या यंत्राचा आकडा शेजारी ठेवून पाहणे हे यापुढे हिशेब तपासनिसांचे रोजचे काम झाले पाहिजे. इथे बसलेल्या सीएच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, तुमच्या पिढीला चिमणीवर चढावे लागेल.

शेवटी भाषेचा आणि कारखान्याचा मुद्दा.

नोंदणीकृत कंपनीने तिमाही निकालांची जाहिरात एका इंग्रजी दैनिकात आणि तिचे नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या भाषेतल्या एका दैनिकात द्यावी असा नियम आहे. म्हणून नफ्याची खबर मराठी वर्तमानपत्रात येते. नवा कारखाना किंवा खाण काढायची तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीसाठी प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. म्हणजे नफा झाल्यावर मराठी आहे, परवानगी मागताना मराठी आहे. परवानगी मिळून कारखाना चालू लागला की दरवर्षीच्या धुराचा, पाण्याचा, अपघातांचा हिशेब मराठीत द्या असे कोणी सांगत नाही. आठ-दहा पानांचा मराठी सारांश काढायला कोट्यवधींच्या कंपनीला काय खर्च येतो? मॉयलसारखी मँगनीज खाणींची कंपनी नागपुरातच बसते, तिच्या खाणी रामटेक, सावनेर, तुमसरकडे आहेत. बाजारात नोंदलेली, सरकारी मालकीची. पहिला मराठी सारांश तिने काढावा, अशी मी या व्यासपीठावरून विनंती करतो.

आणि कारखान्यागणिक आकडे? ते मुळात तयार होतातच. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या चौदाव्या नियमाप्रमाणे संमतिपत्र घेतलेल्या प्रत्येक कारखान्याने ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचे असते. त्याला फॉर्म ५ म्हणतात. त्यात पाण्याचा वापर, एकक उत्पादनामागे कच्चा माल, हवेत आणि पाण्यात सोडलेली प्रदूषके, घातक कचरा, सगळे त्या एका कारखान्याचे. ही पद्धत नव्वदच्या दशकापासून चालू आहे. म्हणजे बीआरएसआरच्या बेरजेत जो कारखाना हरवतो तो फॉर्म ५ मध्ये उभा आहे. दोन्ही कागद एकमेकांना भेटत नाहीत, एवढेच.

ते भेटवून देण्याचे काम कोणीतरी करायला हवे, आणि ते नागपुरातल्या वाणिज्य महाविद्यालयांनी करावे असे मला वाटते. एम.कॉम.च्या विद्यार्थ्यांनी एक कंपनी निवडावी, तिचा बीआरएसआर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घ्यावा, तिच्या नागपूर जिल्ह्यातल्या कारखान्याचा फॉर्म ५ मिळवावा आणि दोन्ही शेजारी ठेवून मराठीत चार पाने लिहावीत. ती चार पाने त्या गावच्या ग्रामपंचायतीत नेऊन वाचावीत. सरांच्या नावाने द्यायचे एखादे पारितोषिक संयोजकांनी अशा कामाला द्यावे. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये उद्योग भवनात आहे. फॉर्म ५ सहज मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागता येतो, आणि त्या अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते.